लाइक शेकडो, पेट्या मोजक्या: हापूस थेट विकणाऱ्यांचं दर सीझनचं दुखणं आणि त्यावरचे उपाय

मार्च लागला की देवगड, राजापूर, रत्नागिरी, गुहागर या पट्ट्यातून ठरावीक प्रश्न यायला लागतात. "रीलला शेकड्यांनी लाइक आलेत, पेट्या मात्र दहासुद्धा गेल्या नाहीत." "सगळ्यांना व्हॉट्सअॅप केलं, कोणी उलट विचारलंही नाही." "गेल्या वर्षीचं गिऱ्हाईक यंदा कुठे गेलं?" "आमचा नंबरच बंद पडला." मग तोडणीच्या धांदलीत प्रश्न मागे पडतात, जूनच्या पावसात बाग धुऊन निघते आणि पुढच्या मार्चला सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

ज्यांची स्वतःची कलमं आहेत आणि त्यातला थोडा तरी माल जे थेट घराघरांत पोचवतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. काजूगर, कोकम आगळ, फणसपोळी किंवा दिवाळीचा फराळ विकणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

फोनवरून विक्री होते की नाही, याची शंका आता नको. वाशीच्या घाऊक बाजारात पेटी पाठवली की भाव तिथे ठरतो, आणि हमाली, तोलाई, वाहतूक वजा होऊन पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, आपल्या हातात येते. ती पेटी शेवटी कोणाच्या घरात, कितीला गेली, हे बागायतदाराला कळत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीने ही साखळी विस्कटली, तेव्हा कितीतरी बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप गाठले आणि माल थेट गेटवर उतरवला. भाव स्वतः सांगितला, पैसे आधी घेतले. ज्यांनी त्या वेळची माणसं सांभाळली, त्यांची विक्री आजही त्याच माणसांवर उभी आहे. ज्यांना ती सांभाळता आली नाहीत, ते दर वर्षी नवीन माणसं शोधत असतात. फरक इथेच पडतो, आणि तो सीझनमध्ये पडत नाही, सीझन संपल्यावर पडतो.

आधी गळती कुठे आहे ते बघा

गेल्या सीझनचा फोन आणि वही घेऊन बसा. किती जणांना पोस्ट दिसली, किती जणांनी मेसेज केला, किती जणांनी पैसे पाठवले आणि त्यातल्या किती जणांनी दुसरी पेटी मागवली, एवढे आकडे काढा. पहिला आकडा इन्स्टाग्रामच्या इन्साइट्समध्ये मिळतो (खातं प्रोफेशनल केलेलं असलं पाहिजे, ते फुकट होतं). बाकीचे चॅटमधून काढावे लागतील. एक संध्याकाळ जाईल, पण त्याशिवाय उपाय करणं म्हणजे अंदाजाने औषध देणं.

बहुतेक जण एकच उपाय करतात, आणखी रील टाकतात. ज्यांच्याकडे विचारणाच येत नाही त्यांना त्याचा उपयोग होईल. पण पन्नास जणांनी "रेट काय?" विचारलं आणि पाचच जणांनी घेतलं, अशी स्थिती असेल तर आणखी रील टाकून उत्तर न मिळालेली माणसं तेवढी वाढतील. आणि ज्याला एकदा उत्तर मिळालं नाही, तो दुसऱ्यांदा विचारत नाही.

लक्षण: गेल्या वर्षीचं गिऱ्हाईक यंदा गायब

हे सर्वांत जास्त आढळणारं दुखणं आणि कारण अगदी साधं असतं. फेब्रुवारीत आंब्यासाठी वेगळं सिम घेतलं जातं. जूनमध्ये शेवटची पेटी गेली की तो फोन कपाटात जातो आणि रिचार्ज थांबतो. सलग ९० दिवस नंबरचा काहीच वापर झाला नाही आणि खात्यात शिल्लकही नसली, तर कंपनी तो नंबर बंद करू शकते आणि काही काळाने दुसऱ्याच कोणाला देऊ शकते. इकडे व्हॉट्सअॅपही साधारण १२० दिवस न वापरलेलं खातं काढून टाकतं. जून ते फेब्रुवारी हा काळ या दोन्ही मुदतींपेक्षा कितीतरी मोठा आहे. पुण्याचं गिऱ्हाईक मार्चमध्ये तुमच्या जुन्या नंबरवर "आंबा आला का?" विचारतं, तेव्हा पलीकडे तुम्ही नसता. ते दुसरीकडून घेतं. त्याचा काही दोष नाही.

उपाय स्वस्त आहे. आंब्याचा नंबर बारा महिने चालू ठेवा, सर्वांत कमी रकमेचं रिचार्ज पुरतं. ड्युअल सिमच्या फोनमध्ये साधं व्हॉट्सअॅप एका नंबरवर आणि व्हॉट्सअॅप बिझनेस दुसऱ्या नंबरवर, असं दोन्ही एकाच फोनवर चालतं, त्यामुळे वेगळा फोन सांभाळायलाही नको. निदान आठवड्यातून एकदा ते उघडलं जाईल असं बघा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि तो सहा आकडी पिन घरात आणखी एकाला माहीत असू द्या.

नंबर बदलणं अगदीच भाग असेल, तर जुनं सिम चालू असतानाच सेटिंग्जमधल्या "नंबर बदला" या सोयीतून बदला. चॅट शाबूत राहतात आणि तुमच्या माणसांना तो बदल कळवता येतो. जुन्या नंबरवरचं खातं गेलं की हा मार्ग उरत नाही.

गिऱ्हाइकांचे नंबर सिमवर सेव्ह करू नका. ते गूगल खात्यात जाऊ द्यात, फोन विहिरीत पडला तरी परत मिळतात. नाव लिहिताना आधी "आंबा", मग शहर, मग भाग आणि शेवटी माणसाचं नाव, असा क्रम ठेवा. "आंबा पुणे कोथरूड" एवढं टाइप केलं की कोथरूडची सगळी घरं एका खाली एक दिसतात आणि टेम्पो कोणत्या दिवशी कुठे पाठवायचा ते ठरवायला सोपं जातं. शिवाय एक कागदी वही असू द्या. कोणाला कच्ची पेटी लागते, कोणाला तयार, कोण अक्षय तृतीयेलाच घेतं, कोणाच्या घरी मधुमेह आहे म्हणून अर्धीच पेटी जाते, हे वहीत लिहिलेलं पुढच्या वर्षी फार कामाला येतं.

लक्षण: मेसेज सगळ्यांना पाठवला, उत्तर कोणाचंच नाही

तो मेसेज बहुधा पोचलेलाच नसतो. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ माणसं बसतात, पण मेसेज फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. तुम्ही त्यांचा केलाय, एवढ्याने भागत नाही. स्टेटसचंही तसंच, दोघांनी एकमेकांचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच ते दिसतं. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे माणसं गिऱ्हाइकाला दोष देत बसतात.

तपासायचं कसं? ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये पाठवलेला मेसेज दाबून धरा आणि त्याची माहिती उघडा. कोणापर्यंत पोचला आणि कोणी वाचला, त्यांची यादी दिसते. पहिल्यांदा हे बघणारे हबकतात, कारण दोनशे जणांच्या यादीत पोचलेले बऱ्याचदा निम्मेही नसतात.

म्हणून नंबर सेव्ह करून घेणं हे काम पेटी देतानाच झालं पाहिजे. पेटीत पेंढ्यावर एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर बागेचं नाव, गाव, नंबर आणि एक ओळ: "हा नंबर सेव्ह करून आम्हाला आपलं नाव पाठवा, पुढच्या वर्षी पहिल्या तोडणीची बातमी आपल्याला आधी मिळेल." पैसे आल्यावर आभाराच्या मेसेजबरोबर तुमचं कॉन्टॅक्ट कार्ड पाठवा, त्यांना एका टिचकीत सेव्ह करता येतं. वयस्कर गिऱ्हाईक असेल तर फोनवरच सांगा, "काकू, नातवाला सांगून एवढा नंबर नावाने ठेवून घ्या." ऐकतात.

लिस्ट एकच मोठी करू नका. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा वेगवेगळ्या करा. पुण्याचा टेम्पो गुरुवारी निघणार असेल तर ती बातमी बोरिवलीच्या माणसाला कशाला? ज्याच्या कामाचं नाही त्याला मेसेज गेला की तो दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ब्लॉक करतो, आणि पुढचं दुखणं तिथून सुरू होतं.

लक्षण: नंबर बॅन झाला

ऐन एप्रिलमध्ये हे झालं की हात-पाय गळतात. अनोळखी माणसांना ढिगाने मेसेज टाकले, न विचारता ग्रुपमध्ये ओढलं, विकत घेतलेल्या याद्या वापरल्या, एकगठ्ठा मेसेज पाठवणारं बाहेरचं सॉफ्टवेअर लावलं किंवा मूळ अॅपऐवजी त्याची बदललेली आवृत्ती वापरली, की हे होतं. लोकांनी "ब्लॉक" आणि "रिपोर्ट" दाबलं की व्हॉट्सअॅपपर्यंत खबर जाते. "दहा हजार नंबर देतो, इतक्या रुपयांत" असं सांगणारे लोक दर फेब्रुवारीत कोकणात फिरतात. त्यांच्याकडून एकही नंबर घेऊ नका. त्या दहा हजारांतल्या कोणीही तुमचा आंबा मागितलेला नाही.

बॅन झाल्यावर पडद्यावरच पुनर्विचाराची विनंती करायची सोय दिसते, ती करा आणि आपण काय विकतो ते साध्या शब्दांत लिहा. लगेच दुसरं सिम घेऊन तीच यादी पुन्हा दामटू नका, तोही नंबर जाईल. तोपर्यंत नेहमीच्या गिऱ्हाइकांना सरळ फोन करा. गूगल खात्यात आणि वहीत नंबर आहेत म्हणूनच हे जमतं.

लक्षण: लाइक येतात, विचारणा येत नाही

इन्साइट्समध्ये फॉलोअर्सची शहरं बघा. तिथे तुमचाच तालुका, शेजारचा तालुका आणि मग मुंबई असं दिसलं, तर उत्तर मिळालं. गावातली पोरं, दुसरे बागायतदार आणि कोकणावर प्रेम करणारे लोक प्रेमाने लाइक देतात, पण त्यांच्या दारात आंबा आहे किंवा मावशीकडून येतो. ते गिऱ्हाईक नव्हे.

मग पोस्टकडे बघा. सुंदर पिवळं फळ, वर "अस्सल देवगड हापूस, रेटसाठी डीएम करा". यात घेणाऱ्याला लागणारी एकही गोष्ट नाही. पेटी किती डझनांची, फळ साधारण किती ग्रॅमचं, आजचा दर काय, तयार की कच्चं, कोणत्या शहरात कोणत्या दिवशी पोचणार, पैसे कसे द्यायचे, हे पोस्टमध्येच लिहा. दर रोज हलतो हे मान्य, म्हणून तारीख टाकून "आजचा दर" लिहा. दर लपवला की शेजारचा बागायतदार भाव पाडणार नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी शेजाऱ्याला विचारून बघावं, त्याला तो सकाळीच कळलेला असतो. कळत नाही ते फक्त गिऱ्हाइकाला, आणि संकोचाने ते विचारतही नाही.

बायोमध्ये व्हॉट्सअॅपची लिंक द्या. व्हॉट्सअॅप बिझनेसच्या बिझनेस टूल्समध्ये शॉर्ट लिंक तयार मिळते, तिच्याबरोबर आधीच लिहिलेला मेसेजही जोडता येतो: "मला हापूसची पेटी हवी आहे, माझं शहर..." समोरच्याला फक्त शहर भरून पाठवायचं असतं. अनोळखी माणसाशी संभाषण सुरू करायचा जो अवघडपणा असतो, तो यामुळे बराच कमी होतो.

रील अचानक मुकं झालं, अशी तक्रारही येते. बिझनेस खात्याला प्रसिद्ध गाणी वापरायची मुभा नसते, धंद्यासाठी वापरायला वेगळे परवाने लागतात. त्यावर तोडगा म्हणून गाणं बाहेरून घालू नका. बागेतला आवाज ठेवा. तुमच्या आजोबांनी मालवणीत "हे बघ, ह्या फळाच्या देठाकडे खड्डा पडलो, आता हे तयार" असं सांगितलेलं मुंबईतल्या माणसाला कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त खेचून घेतं, कारण आंबा तयार झालाय हे ओळखायचं कसं हा त्याचा खरा प्रश्न असतो. काय दाखवावं या प्रश्नाचं माझं उत्तर हेच: जे बागायतदाराला माहीत आहे आणि खाणाऱ्याला नाही, ते. आढी कशी लावतात (फळं पिकायला पेंढ्यात कशी रचतात), पेंढा का वापरतात, घरी पेटी आली की फळं फ्रिजमध्ये का टाकू नयेत, साका बाहेरून का ओळखता येत नाही.

साक्याबद्दल बोलायला बरेच जण घाबरतात. उलट उघड सांगावं. फळ बाहेरून निर्दोष दिसतं आणि आत गर पांढरट, स्पंजसारखा निघतो, कापल्याशिवाय कळत नाही, आणि तसं निघालं तर फोटो पाठवा, पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त देऊ. एवढं आधी सांगितलं की गिऱ्हाईक फसवलं गेल्यासारखं वाटून घेत नाही.

पैसे देऊन पोस्ट "बूस्ट" करणाऱ्यांसाठी थोडंसं. बूस्ट करताना उद्देश विचारला जातो. तिथे लाइक वाढवायचा पर्याय निवडला तर लाइकच वाढतील, मेसेज येण्याचा पर्याय निवडा, आणि जाहिरातीतून थेट व्हॉट्सअॅप उघडेल असं बघा. जागा म्हणून अख्खा महाराष्ट्र देऊ नका. जिथे तुमचा टेम्पो जातोच, तिथे नकाशावर पिन ठेवा आणि लहान परीघ घ्या. रक्कम कमी ठेवून सुरू करा आणि किती लाइक आले याऐवजी किती पेट्या गेल्या ते मोजा. इन्फ्लुएन्सरना फुकट पेट्या पाठवण्याबद्दल मी फारशी उत्साही नाही. ज्यांनी वस्तू फुकट घेतली त्यांनी तसं उघड सांगणं बंधनकारक आहे, आणि त्यांचे प्रेक्षक देशभर विखुरलेले असतात, जिथे तुम्ही माल पोचवूच शकत नाही.

लक्षण: विचारणा येते, ऑर्डर होत नाही

गिऱ्हाईक मेसेज करतं रात्री साडेनऊला, जेवण झाल्यावर. बागायतदार तेव्हा झोपायच्या बेतात असतो, कारण पहाटे तोडणीला जायचं असतं. सकाळी तो झाडावर, दुपारी भरणी, संध्याकाळी टेम्पो. उत्तर मिळेपर्यंत एक दिवस उलटतो, आणि पिकणाऱ्या फळाच्या धंद्यात एक दिवस फार मोठा.

कोकणातल्या घरांकडे यावर एक उपाय पिढ्यान्‌पिढ्या आहे: मुंबई-पुण्यात नोकरीला असलेलं माणूस. व्हॉट्सअॅप एका फोनशिवाय आणखी चार उपकरणांवर जोडता येतं. ठाण्यातल्या बहिणीने किंवा पुण्यातल्या पुतण्याने आपल्या लॅपटॉपवर तेच खातं उघडलं, की रात्री आठ ते अकरा उत्तरं द्यायची जबाबदारी त्यांची. बागेतल्याने फक्त सकाळी आजचा माल आणि दर कळवायचा. पण वेळा नीट वाटून घ्या, नाहीतर एकाच गिऱ्हाइकाला दोघं दोन दर सांगतात आणि ते फार वाईट दिसतं. या कामाचे पैसे त्या माणसाला द्या, घरचं असलं तरी. पेटीमागे ठरवून दिलेली रक्कम असली की काम मनापासून आणि पुढच्या वर्षीही होतं.

व्हॉट्सअॅप बिझनेसमधल्या बाकी सोयी छोट्या आहेत, पण वापरा. पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला आपोआप जाणाऱ्या स्वागताच्या मेसेजमध्ये दर, पोचवायचे दिवस आणि "आम्ही बागेत असतो, रात्री आठनंतर नक्की उत्तर देतो" हे लिहा. पुन्हा पुन्हा टाइप करावी लागणारी उत्तरं क्विक रिप्लायमध्ये ठेवा. लेबलं चार पुरेत: विचारलं, पैसे आले, पाठवलं, पोचलं. रोज रात्री "विचारलं" लेबलातली माणसं बघायची आणि प्रत्येकाला एकदाच, एका ओळीत विचारायचं. दोनदा नाही.

लक्षण: "खरा देवगड आहे कशावरून?"

हा प्रश्न रास्त आहे. कर्नाटकातला आंबा दिसायला जवळपास सारखाच असतो आणि कोकणाच्या नावाने विकला जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तुमची त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल तर प्रमाणपत्र प्रोफाइलवर ठेवा, पेटीवर तसा शिक्का किंवा क्यूआर कोड असेल तर तो कसा तपासायचा ते दाखवा. नोंद नसेल तर करून घ्या. हे काम पावसाळ्यात होतं.

कागदापेक्षाही जास्त खात्री देणारी गोष्ट म्हणजे काळ. ज्या इन्स्टाग्रामच्या पानावर डिसेंबरात मोहोर, जानेवारीत कणी (बारीक फळं) धरलेली, मग तुडतुडा या किडीची चिंता, मध्येच आलेला अवकाळी आणि त्यानंतर एप्रिलमधलं फळ, असं ओळीने दिसतं, त्याला "कशावरून" विचारावं लागत नाही. व्यापाऱ्याकडून माल घेऊन विकणाऱ्याला हे दाखवता येत नाही. मार्चमध्येच जन्मलेलं पान मात्र खरं असूनही खोट्यासारखं दिसतं.

तुमचे फोटो चोरून दुसऱ्या नावाने पेट्या "विकणारी" पानं निघतात. पैसे घेतात आणि गायब होतात. नाव-नंबर फोटोच्या कोपऱ्यात टाकला तर तो कापून टाकता येतो, म्हणून फळांच्या मधोमध पुसट अक्षरांत टाका. असं पान दिसलं की तोतयेगिरी म्हणून रिपोर्ट करा, आपल्या गिऱ्हाइकांनाही करायला सांगा. पैसे कोणत्या नावाच्या यूपीआय खात्यावर घेता ते प्रोफाइलवर ठळक लिहा, म्हणजे पैसे पाठवताना पडद्यावर दिसणारं नाव माणूस पडताळून बघेल.

फसवणूक उलट्या दिशेनेही होते. "पैसे पाठवले, हा स्क्रीनशॉट" म्हणून बनावट चित्र येतं आणि टेम्पो निघायच्या घाईत पेटी दिली जाते. स्क्रीनशॉटवर कधीही माल सोडू नका, बँकेच्या अॅपमध्ये रक्कम दिसली तरच सोडा. "मोठी ऑर्डर आहे, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे अॅडव्हान्स जमा होईल" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन द्यायला लागतो. फसलातच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

सोसायटीची ऑर्डर

एक पेटी नेऊन द्यायला जो खर्च येतो त्यात थेट विक्रीचा नफा विरघळतो. म्हणून एका गेटवर दहा-वीस पेट्या उतरणं हे खरं ध्येय असायला हवं, आणि सोशल मीडियाचा सगळ्यांत मोठा फायदा मला इथेच दिसतो. प्रत्येक मोठ्या सोसायटीचा ग्रुप असतो. त्यात परक्याने शिरून जाहिरात टाकली तर ॲडमिन काढून टाकतो, आणि योग्यच करतो. पण तुमच्याकडून तीन वर्षं आंबा घेणाऱ्या तिथल्याच एका ताईंनी "आम्ही यांच्याकडून घेतो, शनिवारी टेम्पो येतोय, कोणाला हवा असेल तर नाव लिहा" असं टाकलं, की अर्ध्या तासात यादी तयार होते.

वहीतून अशी माणसं शोधा: जी दर वर्षी घेतात, ज्यांनी कधी ना कधी शेजाऱ्यासाठीही मागवली आहे. त्यांना फोन करा, मेसेज नको. त्यांचं काम सोपं करा. ग्रुपमध्ये टाकायचा मजकूर तुम्ही लिहून द्या, त्यात दर, वजन, वेळ, पैसे थेट तुमच्या खात्यावर जाणार हे सगळं असू द्या, म्हणजे त्यांच्याकडे शेजाऱ्यांचे पैसे सांभाळायची जोखीम येत नाही. मोबदला म्हणून त्यांना एक पेटी द्या, आणि ती देताय हे उघड असू द्या. गुपचूप कमिशन दिलं आणि सोसायटीत कळलं, तर त्यांचीही पत जाते आणि तुमचीही. टेम्पो आल्यावर गेटवर एक पेटी उघडून दाखवा. कोणाच्या पेटीत खराब फळं निघाली तर त्याच ग्रुपमध्ये त्याच दिवशी भरपाई सांगा. तक्रार सगळ्यांनी वाचलेली असते, मग भरपाईही सगळ्यांनी वाचायला हवी.

जून ते फेब्रुवारी

शेवटच्या टेम्पोनंतर आठवड्याभरात प्रत्येक गिऱ्हाइकाला आभाराचा मेसेज, नावानिशी. त्यातच विचारा, फळ कसं लागलं, पुढच्या वर्षी कळवू का? "हो" म्हणणाऱ्यांचीच पुढची लिस्ट करा. पावसाळ्यात सणांच्या फॉरवर्ड शुभेच्छा पाठवू नका, लोक त्याला कंटाळून म्यूट करतात आणि मार्चमधली खरी बातमी त्याखाली गाडली जाते. दिवाळीच्या सुमारास एकदा, कोकम किंवा काजू असेल तर त्यासाठी. डिसेंबरात मोहोराचा फोटो आणि यंदाचा अंदाज, खराखुरा. पीक कमी येणार असेल तर कमी म्हणा. फेब्रुवारीत नाव नोंदणी. एवढंच, याहून जास्त नको.

सीझन सुरूच झाला असेल तर

वर सांगितलेलं सगळं आत्ता जमणार नाही. या आठवड्यात स्वागताच्या मेसेजमध्ये दर आणि दिवस टाका, रात्री उत्तर द्यायला शहरातलं घरचं एक माणूस नेमा, आणि गेल्या वर्षीच्या पाच जणांना फोन करा. उद्यापासून जाणाऱ्या प्रत्येक पेटीत चिठ्ठी घाला. मजकूर सुचत नसेल तर हा घ्या, गाव आणि नंबर तेवढे आपले घाला:

"नमस्कार. ही पेटी आमच्या बागेतून अमुक तारखेला तोडलेल्या फळांची आहे. फळं पेंढ्यातच ठेवा, रोज एकदा बघा, वास सुटला आणि देठाकडे मऊ लागलं की खायला घ्या. खराब निघालं तर फोटो पाठवा, भरपाई देऊ. हा नंबर सेव्ह करून आपलं नाव कळवा. पुढच्या डिसेंबरात मोहोर कसा आहे ते आम्ही आपल्याला कळवू."